प्रकरण अभ्यास: हत्तीपाय, अवधान आणि हाताची मालिश

पार्श्वभूमी

पूर्व विदर्भातल्या भातपट्ट्यातलं एक गाव. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीला लागून वस्ती, तलावाखाली धानाच्या बांध्या. मी तालुक्याला फिजिओथेरपिस्ट आहे आणि दर बुधवारी या भागातल्या उपकेंद्रांवर फिरते. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना इथे मावशीच म्हणते. त्यांची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मावशींचं वय 52. घरचं दोन एकर धान, शिवाय रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधीत गुत्त्यानं (ठेक्यानं) रोवणी. डावा पाय 14 वर्षांपासून सुजलेला. सुरुवातीला रात्री झोपून उठलं की सूज उतरायची. मग उतरेनाशी झाली, कातडी जाड झाली, घोट्यापाशी घडी पडली. हा हत्तीरोग आहे हे त्यांना माहीत होतं. गावात असे आणखी चार-पाच पाय आहेत.

हत्तीरोगाचा जंतू म्हणजे वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टाय नावाचा बारीक, दोऱ्यासारखा कृमी. साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. मोठा झालेला कृमी लसिकावाहिन्यांत घर करतो आणि कित्येक वर्षं तिथंच जगतो. पेशींभोवती पाझरलेलं पाणी, त्यातली प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी परत रक्तात पोचवणं हे या वाहिन्यांचं काम. वाहिन्यांत शिरलेल्या या पाण्यालाच लसिका, म्हणजे लिम्फ, म्हणतात. कृमीमुळे त्या फुगतात, त्यांच्यातल्या झडपा निकामी होतात. पुढं कृमी मेला तरी वाहिनी दुरुस्त होत नाही. म्हणूनच दरवर्षीच्या गोळ्यांच्या मोहिमेबद्दल गावात कुरकुर असते, की गोळ्या खाल्ल्या पण पाय काही उतरला नाही. गोळी रक्तातले बारीक जंतू मारते आणि पुढच्या घराला वाचवते. सुजलेल्या पायाचं औषध वेगळं, हे मोहिमेच्या गडबडीत फार कमी लोकांना नीट सांगितलं जातं. आमच्याकडूनही.

अडचण

मावशींचा खरा त्रास सुजेचा नव्हता. जड पाय ओढत त्या 14 वर्षं कामाला गेल्याच होत्या. त्रास होता अवधानाचा, म्हणजे पाय लाल होऊन वारंवार येणाऱ्या तापाचा. आदल्या वर्षात चार वेळा हुडहुडी भरून ताप आला, जांघेत लिंबाएवढी गाठ आली, पाय लाल आणि तव्यासारखा गरम झाला. दर खेपेला पाच-सहा दिवस खाटेवर. पाय दर वेळी थोडा उतरायचा, पण आधी होता तिथपर्यंत कधीच नाही.

मुलगा बुटीबोरीला कंपनीत आहे. होळीला घरी आला तो एक पत्रक घेऊन. शहरातल्या एका मालिश केंद्राचं ते पत्रक होतं: ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी लिम्फ मालिश’, 10 बैठकांचे 12,000 रुपये. त्याचा हिशेब सरळ होता. मायला वारंवार ताप येतो म्हणजे प्रतिकारशक्ती कमी आहे. मालिशनं ती वाढते. मग पैसे भरू. करोनापासून हा शब्द घराघरांत पोचला आहे, काढ्यापासून गादीपर्यंत काहीही त्याच्या नावानं विकलं जातं.

दुसरीकडे गावातल्या एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. तीन पिढ्यांची बाळं आणि बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. मावशींचा पाय त्या जवसाच्या तेलानं बोटांपासून वर असा जोर लावून चोळायच्या. ताप असतानाही. “गाठ चोळून फोडली का अवधान जाते,” असं त्यांचं म्हणणं.

मुलानं मला उपकेंद्रावर गाठून विचारलं, “मॅडम, हातानं चोळल्यानं प्रतिकारशक्ती वाढते का नाही? हो का नाही ते सांगा.”

पत्रकातलं खरं किती

त्या दिवशी मी त्याला धड उत्तर दिलं नाही. इथे देते.

हाताच्या उपचारांचा रोगप्रतिकार यंत्रणेवर काहीच परिणाम होत नाही, असं म्हणता येत नाही. 2010 मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय रुग्णालयात मार्क रॅपापोर्ट आणि सहकाऱ्यांनी 53 निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. काहींना 45 मिनिटं स्वीडिश मालिश, बाकीच्यांना तेवढाच वेळ नुसता हलका स्पर्श. मालिशवाल्यांच्या रक्तात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या वाढलेली दिसली. पत्रकं इथपर्यंत वाचतात. त्याच प्रयोगात दाह आणि ॲलर्जीशी संबंधित काही संदेशरेणूंचं प्रमाण घटलं होतं, ते पत्रकात येत नाही. शिवाय रक्तात पेशी जास्त दिसणं म्हणजे शरीरात त्या जास्त तयार होणं नव्हे. जिना भरभर चढलात तरी काही वेळ पांढऱ्या पेशी रक्तात जास्त फिरताना सापडतात. गुजरीच्या (बाजाराच्या) दिवशी गावात गर्दी दिसते म्हणून लोकसंख्या वाढलेली नसते.

2012 मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठानं 11 तरुणांना थकेस्तोवर व्यायाम करायला लावला, मग एका मांडीला 10 मिनिटं मालिश केली, दुसरीला नाही, आणि दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले. मालिश केलेल्या मांडीत दाहाचे संदेश कमी होते. म्हणजे इथेही दिशा ‘वाढवण्याची’ नाही, शांत करण्याची आहे. व्यायामानं दुखावलेल्या मांडीला हे चांगलंच. पण जंतूंशी लढत असलेल्या लाल पायाला तेच हवं का, हा प्रश्न पत्रकवाल्याला कुणी विचारत नाही.

हाताच्या उपचारानं आजार टळतो किंवा लवकर बरा होतो का? अमेरिकेत न्यूमोनिया झालेल्या 406 वृद्धांवर ऑस्टिओपॅथीच्या हाताच्या तंत्रांची मोठी चाचणी झाली. 2010 मध्ये निकाल आला तेव्हा सगळ्या रुग्णांचा एकत्र हिशेब करता ठळक फरक निघाला नाही. ज्यांचा उपचार ठरल्याप्रमाणे पूर्ण झाला तेवढ्यांचा वेगळा हिशेब केला तर रुग्णालयातले दिवस कमी भरले, पण असा निवडक हिशेब जपूनच वाचायचा असतो. मणका हातानं बसवण्याबद्दलच्या अभ्यासांचा 2021 मध्ये आढावा निघाला. मणका असा बसवल्यानं संसर्गजन्य आजार टळतात किंवा लवकर बरे होतात असा पुरावा त्यात सापडला नाही.

मात्र मावशींच्या पायाची गोष्ट निराळी होती, आणि मी तिथेच अडखळले. मुलाचं निदान अर्धं बरोबर होतं. कातडीतून आत शिरलेल्या जंतूची खबर घेऊन पांढऱ्या पेशी लसिकेबरोबर जांघेतल्या गाठीपर्यंत जातात, तिथे लढाईची तयारी होते. रस्ताच तुंबला तर खबर उशिरा पोचते, आणि साचलेल्या प्रथिनांच्या पाण्यात जंतूंना मोकळं रान मिळतं. मावशींचं बाकी शरीर ठणठणीत होतं. सर्दीखोकलासुद्धा त्यांना क्वचित व्हायचा. दुबळी पडली होती ती त्या एका पायापुरती प्रतिकारशक्ती. असं असेल तर तुंबलेली लसिका हातानं पुढं सरकवल्यावर त्या पायाची राखण सुधारावी, हा तर्क पटण्यासारखा आहे. तर्क आहे, सिद्ध झालेला हिशेब नाही. एवढा फरक त्या पोराला उपकेंद्राच्या ओसरीवर उभ्या उभ्या कसा सांगायचा, ते मला सुचलं नाही.

समोरचे पर्याय

शहरातल्या 10 बैठका हा पहिला. जाण्यायेण्याचं भाडं, दोन जणांची मजुरी बुडणार, आणि बैठका संपल्या की पाय पुन्हा पहिल्यासारखा भरणार. लसिकेची सूज कायमची असते, तिला दहा दिवसांचा उपचार पुरत नाही. शिवाय त्या केंद्रात आधी कुणी पाय तपासला नव्हता. एकाच पायाची सूज म्हटली की शिरेतली रक्ताची गाठ, हृदय, मूत्रपिंड, जांघेतला किंवा पोटातला कर्करोग हे सगळं आधी बघावं लागतं. शिरेत गाठ असताना पाय चोळला तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून काहीही ठरवण्याआधी मावशींना ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी हे सगळं तपासून बाजूला काढलं. साखरही ठीक निघाली.

दुसरा पर्याय फक्त स्वच्छतेचा. वैद्यकीय अधिकाऱ्यांचं मत तेच होतं, आणि कागदावर ते सगळ्यात भक्कमही होतं. हत्तीपायातला अवधानाचा ताप बहुतेक वेळा कृमीमुळे येत नाही, कातडीच्या भेगांतून शिरणाऱ्या साध्या जिवाणूंमुळे येतो. पाय रोज साबणानं धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, चिखल्यांना मलम लावणं, पाय उंच ठेवणं, याने हे ताप कमी होतात, हे हत्तीरोग असलेल्या अनेक देशांत दिसलं आहे.

तिसरा, स्वच्छतेला हाताचा लसिका-निचरा आणि पट्टी जोडायची. डॅनिश थेरपिस्ट एमिल व्होडर यांनी 1930 च्या दशकात बसवलेली ही पद्धत अगदी हलक्या हाताची आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला येणाऱ्या सुजेवर तिच्या चाचण्या झाल्या आहेत. 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) सहा चाचण्या होत्या. त्यांचा सूर असा, की मुख्य काम पट्टी करते, हातानं त्यात थोडी भर पडू शकते. केरळातल्या कासरगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटोलॉजीनं हत्तीपायावर धुणं, योगासनं, आयुर्वेदिक औषधं, मालिश आणि पट्टी असं एकत्र काम उभं केलं आहे. आम्हाला एवढं सगळं शक्य नव्हतं, पण वाट दिसत होती.

मग आजींचं काय करायचं? डॉक्टर म्हणाले, बंद करा. मला ते पटलं नाही. मी आठवड्यातून एकदा येणार, आजी रोज घरासमोरून जाणार. त्यांना बाहेर ठेवलं असतं तर चोळणं थांबलं नसतं, फक्त माझ्यापासून लपवलं गेलं असतं.

काय केलं

पहिल्या बुधवारी मी मालिशला हातच लावला नाही. मावशींना पाय पसरायला लावून बोटं एकेक उघडली. चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या बेचक्यात पांढरी, ओली, चिरलेली कातडी. आधीच्या वर्षातले चारही ताप बहुधा तिथूनच आत शिरले होते. 14 वर्षांत किती जणांनी पाय पाहिला असेल, पण बोटं फाकवून कुणी पाहिलं नव्हतं, असं मावशी म्हणाल्या. मलाही ते सुचलं ते आदल्या वर्षी दुसऱ्या एका रुग्णाच्या वेळी चुकले होते म्हणून.

आशाताईंनी टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असलेलं किट मिळवून दिलं. रोज रात्री पाय धुवायचा, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, मलम लावायचं. खाटेच्या पायथ्याशी दोन-दोन विटा. बसल्या बसल्या टाचा 20 वेळा वर-खाली, कारण पोटरीचे स्नायू लसिकेला पंपासारखे वर ढकलतात. तिला हृदयासारखा पंप नाही.

दोन आठवड्यांनी निचरा सुरू केला. आजींना मुद्दाम बोलावून घेतलं. सुरुवात पायापासून नसते हे बघूनच त्या नाराज झाल्या. आधी गळ्याशी हाडाच्या वर, मग पोटातून खोल श्वास, मग डाव्या काखेकडे आणि उजव्या जांघेकडे कातडी हलकेच ताणत वाट मोकळी करायची, मग मांडी, गुडघा, आणि पाऊल सगळ्यात शेवटी.

“एवढं हळू? मांजर कुरवाळल्यावाणी? यानं का होते?” आजींनी विचारलं.

उत्तर मी द्यायच्या आत मावशींचे मालक दारातून बोलले, “खालच्या बांधीचं तोंड मोकळं केल्याबिगर वरची बांधी उतरते का?” यापुढं मला त्या घरात लसिका समजावून सांगावी लागली नाही.

तेलावरून मात्र घासाघीस झाली. बोटांत तेल गेलं की ओल राहते, चिखल्या वाढतात. शेवटी तडजोड झाली: घोट्याच्या खाली तेल नाही, वरच्या कोरड्या कातडीला थोडं खोबरेल चालेल. आणि ताप असेल त्या दिवशी कुणीही पायाला हात लावायचा नाही. ही अट मी आजींकडून तीनदा वदवून घेतली.

पट्टीचं गणित कठीण होतं. कमी ताणाच्या पट्ट्या महाग, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पायाला चार थर गुंडाळून बसा म्हणणं सोपं नाही. संध्याकाळी पाचनंतर बांधायची, सकाळी सोडायची असं ठरवलं. पुस्तकात हे उलट आहे. पट्टी उभं राहताना, चालताना हवी. पण दिवसा बांधलेली पट्टी दहाव्या मिनिटाला खुंटीवर जाते हे मी आधी पाहिलं होतं.

मुलाला मी अखेर एवढंच सांगितलं, की 12,000 रुपयांतून पट्ट्यांचे दोन जोड घे, उरलेले मायच्या रोवणीच्या मजुरीपोटी ठेव. प्रतिकारशक्तीचा प्रश्न टाळलाच.

आषाढातली चूक

मार्च ते जून ताप आला नाही. घोट्याच्या वर 10 सेंटिमीटरवर पायाचा घेर मार्चमध्ये 34.5 सेंटिमीटर होता, जूनअखेर 32 वर आला. आम्ही सगळे खुशीत होतो.

रोवणी लागली. ठरलं असं होतं की मावशी चिखलात उतरणार नाहीत, पाळीवर बसून पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) पेंढ्या बांधतील. एका गुत्त्यात दोन बाया कमी पडल्या आणि त्या दोन दिवस उतरल्या. मला सांगितलं नाही. शनिवारी हुडहुडी. प्राथमिक आरोग्य केंद्रातून प्रतिजैविक मिळालं.

बुधवारी मी पोचले तेव्हा ताप नव्हता, लाली फिकी पडली होती. जांघेत दाबलं की दुखत होतं. मुलाचा फोन आला, “आता तुमी आलाच तर करून टाका मॅडम, पुन्हा आठ दिवस जातीन.” मीही तोच विचार करत होते. पाय परत 33.5 झाला होता आणि चार महिन्यांची मेहनत डोळ्यांसमोर वाहून चालली होती. मी निचरा केला. हलकाच, पण केला. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा थंडी वाजून ताप आला.

हातामुळे आला का? सांगता येत नाही. गोळ्यांचे दोन डोस चुकले होते हे नंतर कळलं, तेवढंही पुरेसं कारण आहे. पण संसर्ग धुमसत असताना निचरा करायचा नाही, हा आमच्या विद्येतला पहिल्या वर्षाचा धडा. ज्या आजींना मी तीनदा बजावलं होतं त्यांनी त्या चार दिवसांत पायाला बोट लावलं नव्हतं. नियम मोडला तो मी.

परिणाम

वर्ष भरलं तेव्हा हिशेब असा: चार तापांच्या जागी एक, आणि त्याचीच ती दुसरी उसळी. घेर 31 सेंटिमीटर. उजवा पाय 22 चा आहे, त्यामुळे पाय बरा झाला असं कुणीही म्हणणार नाही. बेचक्यांतली कातडी भरून आली. चप्पल एक नंबर लहान लागते, हे मावशींना घेरापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

यात हाताचा वाटा किती? माझा अंदाज विचाराल तर ताप कमी झाले ते साबण, मलम आणि चिखलातून बाहेर राहण्याने. सूज उतरली ती बरीचशी पट्टी आणि विटांनी. निचऱ्यानं थोडी भर घातली असावी. दुसरी एक गोष्ट मात्र त्यानं नक्की केली. रोज संध्याकाळी आजी यायच्या, पाय उघडला जायचा, बोटं बघितली जायची. मालिशच्या निमित्तानं धुणं चुकलं नाही. नुसतं ‘रोज पाय धुवा’ सांगून गेलेल्या घरांत दोन महिन्यांनी टब धान्य पाखडायला वापरात असतो, हेही मी पाहिलं आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिले तीन महिने फक्त धुणं आणि मलम ठेवीन, हाताचा उपचार नंतर. दोन्ही जवळजवळ एकदम सुरू केल्यामुळे कशानं काय झालं हे आता कुणालाच कळणार नाही, आणि पुढच्या पायाला त्याचा उपयोग नाही.

तापानंतर किती थांबायचं हे आता लिहून ठेवलं आहे: प्रतिजैविकाचा कोर्स पूर्ण, दोन्ही पाय हाताला सारखेच थंड, जांघेत दाबून दुखत नाही. तिन्ही जमल्याशिवाय हात लावायचा नाही, माझी फेरी वाया गेली तरी. तो कागद आशाताईंकडे आहे, माझ्याकडे नाही. मोह मलाच होतो.

रोवणीची बोलणी मेमध्येच करायला हवी होती, तीही मावशींशी नाही, गुत्ता घेणाऱ्या बाईशी. पेंढ्या बांधणाऱ्याला किती मजुरी हे आधी ठरलं असतं तर मावशी चिखलात उतरल्या नसत्या. यंदा ते ठरवलं. मजुरी थोडी कमी, पण ठरलेली.

आणि मुलाला उत्तर द्यायला हवं होतं. दिवाळीला तो आला तेव्हा दिलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे ताकद वाढत नाही, रस्ता मोकळा होते.” मग विचारलं, की कंपनीतल्या एका मित्राच्या आईचाही पाय असाच आहे, त्यांना कुठं न्यायचं. मी ग्रामीण रुग्णालय सांगितलं, आणि आधी बोटं फाकवून बघ म्हटलं.

मावशींची पहिली पट्टी आता सैल पडली आहे. नवी जोडी जूनच्या आत आणायची आहे.